गालफुग्यांच्या फ्लॉसीबाई

उमेळे गावच्या शाळेतल्या फ्लॉसीबाई म्हणजे काय आवाज! तिसरीच्या वर्गात त्या शिकवायला लागल्या की रस्त्यावरचा माणूस थांबून ऐकायचा. आणि अशा बाईंचा जबडा सत्त्याण्णव साली एवढा वाढला, की ओठ मिटेनात.

त्याआधी दोनदा जबड्यातली गाठ खरवडून झाली होती. दोन्ही वेळा मेली दुप्पट होऊन परत आली! मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला हा आजार?"

"छे, कुणालाच नाही," बाईंनी ठणकावून सांगितलं.

सोबत आलेली थेरेसाआत्या म्हणाली, "आजार कसला, डॉक्टर! आमचं घराणंच गालफुग्यांचं. माझे वडील, हिचा बाप, सगळे असेच. पोस्टमनसुद्धा गालफुग्यांचं घर म्हणूनच विचारत येतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तीन पिढ्यांनी चेहऱ्याची ठेवण म्हणून जे मिरवलं, तो रक्तातून आलेला हाडाचा आजार होता. कॅन्सर नव्हे, पण अर्धवट काढला की चेकाळणारा.

"खालचा जबडा पूर्ण काढू. पायातलं बारीक हाड घेऊन नवा बसवू," ते म्हणाले. "पण ओठ बधिर होईल. प, ब, म जमतीलच असं नाही."

मुख्याध्यापक शत्रुघ्न सरांनी मायेनं ऑफिसातलं काम देऊ केलं. बाई भडकल्याच. "मला माझा वर्ग हवा, सर!"

"मग परत आल्यावर हजेरी घेऊन दाखवा. पोरांना आपापली नावं कळली, तर वर्ग तुमचा."

ऑपरेशन अकरा तास चाललं. पुढे सात महिने बाई आरशासमोर बसून, बोटानं ओठ मिटवत पपई, बाबा, मामा म्हणत राहिल्या. लाळ गळायची, रडू फुटायचं. आत्या ओरडायची, "पुरे गं बाई!" पण ऐकतील त्या फ्लॉसीबाई कसल्या!

शाळा उघडली. सर दारात उभे राहिले. बाईंनी हजेरीपट उघडला. अनुष्का, जितेंद्र सरळ निघाले. कौस्तुभचा भ जरा घरंगळला, तरी तो "हजर" म्हणाला. पुढचं नाव बघून बाईंचं बोट ओठाकडे गेलं. त्यांनी ते खाली घेतलं.

"पिंकी आत्माराम पाटील."

"हजर, बाई!"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "सर, तुम्ही निघा आता. मला शिकवायचंय."