पंखाची इस्त्री

शेडमधल्या चिंध्या रोज संध्याकाळी झाडून टाकायचो. किस्से मात्र साठतच गेले. चहाला बसलोच आहोत, तर ऐका!

मी पोलादपूरचा सुतार. महाडजवळच्या एका शेडमध्ये आम्ही तिघं जुन्या ग्लायडरच्या पंखांना नवं कापड चढवत होतो. सर, म्हणजे रिटायर्ड पायलट, मी, आणि सुनंदावहिनी, बाजारात त्यांचं इस्त्रीचं दुकान. सरांनी सुरुवातीलाच नियम सांगितला, "तपासणी झाली की आधी मी एकटा उडणार. त्यानंतर मागच्या सीटवर, पंखाला ज्याचा हात लागलाय तो!"

वहिनी दचकल्या. "म्हंजे चूक आमची, आनि वर पन आमीच?"

"म्हणूनच तर!" सर म्हणाले.

*

पंख खेडकडून ट्रेलरवर आणले. कशेडी घाटात जाम! मागचा ट्रकवाला उतरून आला आणि तो लाकडी सांगाडा बघत राहिला.

"ह्ये काय हाय?"

"विमानाचे पंख," सर ऐटीत म्हणाले. "बिनइंजिनाचं विमान!"

"उडतंय?"

"उडतं तर!"

"मग घाटातनं कशाला नेताय?"

सर ट्रेलरच्या गाठी आवळायला लागले!

*

सांगाड्याला गोंद लावून वाळवायचा. वर कापड ठेवून इस्त्री फिरवली की तो गोंद वितळतो आणि कापड धरतो. सोपं काम! वहिनींनी इस्त्री उचलली आणि सवयीने कापडावर पाणी शिंपडलं.

सर किंचाळले, "अहो वहिनी, पंख आहे तो, पातळ नाही!"

"तरी म्हटलं, येवढं मोठं पातळ नेसतंय कोन!"

ओल्या कापडाला गोंद धरेना, ती सगळी कड उकलून पुन्हा लावली. पाण्याचा तांब्या शेडबाहेर गेला तो कायमचा.

*

चिकटलं तरी कापड ढिलंच, नुसत्या चुण्या. मला धडकीच भरली. सर म्हणाले, "आता इस्त्री जरा जास्त तापवा."

वहिनींनी फिरवली, आणि काय सांगू! इस्त्री पुढे जाईल तशा मागच्या चुण्या गायब! कापड आपोआप आवळत गेलं. मी हलकेच टिचकी मारली, तर शिमग्याच्या ढोलासारखा पंख घुमला. 

वहिनींनी इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जल्म गेला इस्त्रीत, पन कापडानं माजं असं कदी ऐकलं नाय!"

*

देशावरच्या एका धावपट्टीवर तपासणी झाली. सर एकटे उडून सुखरूप उतरले. आता मागची सीट!

मी म्हटलं, "सर, मला कशेडीतच गाडी लागते हो!"

वहिनींनी पदर खोचला आणि जाऊन बसल्या. चेहरा पांढराफटक. धावपट्टीच्या टोकाच्या यंत्राने दोर ओढला, ग्लायडर पतंगासारखं वर गेलं, मग सरांनी दोर सोडला. मग आवाजच नाही. मी खाली उभा, एकेक जोड आठवत. दोन जिवंत माणसं, आणि भरवसा आमच्या कापडावर! 

उतरले तसा धावत सुटलो. "वहिनी, खाली काय काय दिसलं?"

"खाली कुनी बघितलं? चुनी पडते का, तेच बघत व्हते!"

"मग, पडली?"

त्यांनी पंखावरून सावकाश हात फिरवला.

"नाय. पन भावजी, वर आभाळाला पन येक चुनी नाय वो!"