दोनाने भागलेला पूल

घाबरटपणाची स्पर्धा असती तर या बाई पहिल्या आल्या असत्या, आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचंय म्हटल्यावर मागच्या दाराने पळूनही गेल्या असत्या. खोटं नाही सांगत. तीस वर्षं लोखंडी पुलांच्या पोटाखाली लोंबकळून तपासण्या केल्या. उंचीची भीती नाही, पाण्याची नाही, साहेबांची तर नाहीच नाही. भीती एकच, माईकची.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी इंजिनियरांच्या वार्षिक परिषदेत त्या पेपर वाचायला उभ्या राहिल्या आणि दातखीळ बसली. चांगली दोन मिनिटं. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं, आणि बाई कागद गुंडाळून खाली उतरल्या त्या कायमच्या. त्यानंतर साधा प्रश्न विचारायचा झाला तरी चिठ्ठीवर लिहून शेजारच्याच्या हातात द्यायच्या.

आता अशा बाईने घरी बसावं की नाही? पण नाही. त्याच परिषदेत पहिल्यांदा बोलणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना त्या दरवर्षी हाताशी धरत. "पाय थरथरतील, थरथरू देत, टेबलामागे कोणाला दिसतात?" असं सांगत. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसत आणि किती मिनिटं उरली ते बोटांनी दाखवत. पोरांनी सगळा हॉल सोडून फक्त त्यांच्याकडे बघून बोलायचं. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या सत्रात तोंड उघडायचं नाही, असा परिषदेचा नियम होता, आणि तो बाईंच्या अगदी पथ्यावर पडला होता. त्यांची नणंद म्हणायची, "स्वतःची बोबडी वळते आणि जगाला भाषण शिकवतेस. धन्य आहेस!"

यंदा वाट्याला आलेली मुलगी शेवटच्या वर्षाची. हुशार, काटक, दर वाक्याला दोनदा मॅडम. तिच्या घराजवळच्या नाल्यावरचा जुना लोखंडी पादचारी पूल हाच तिचा विषय. पलीकडे कपड्यांचा कारखाना, आणि तिची आई तिथे शिलाईवर. पूल हलतो म्हणून आई आणि तिच्या मैत्रिणी लांबच्या रस्त्याने जायच्या. पालिकेने कॉलेजला तपासणी सांगितली. मुलीने पुलाच्या तुळईखाली ताण मोजायची पट्टी चिकटवली, आकडे घेतले, आणि बाईंना फोन केला, "मॅडम, पुढे काय करू?"

"दोनाने भाग," बाई म्हणाल्या.

बाई नेहमी दोन पट्ट्या लावत. दोन पट्ट्या असल्या की यंत्र ताण दुप्पट दाखवतं, म्हणून दोनाने भागायचं. तीस वर्षांची सवय, जीभ आपोआप चालली. भागल्यावर उत्तर आलं साठ, म्हणजे पुलाला जेवढं सोसतं त्याच्या शंभरातलं साठ. उत्तम! अहवाल पालिकेत गेला, मुख्य अभियंत्यांची सही झाली, पूल खुला राहिला. मुलीनेच आईला पटवलं, "आता बिनधास्त जा." आई गेली. मग कारखान्यातल्या सगळ्याच जायला लागल्या.

परिषदेच्या दिवशी साडेअकराला, हॉलबाहेर चहाच्या टेबलाशी, मुलीने लॅपटॉप उघडून दाखवला. "मॅडम, चौथं पान रिकामं वाटत होतं, म्हणून सकाळी एक फोटो टाकलाय."

फोटोत गंजलेली तुळई होती, आणि तुळईवर पट्टी होती. एकच.

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला. "दुसरी पट्टी कुठंय गं?"

"दुसरी? कॉलेजच्या डब्यात एकच उरली होती, मॅडम."

"मग दोनाने का भागलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

घ्या! साठ नव्हे, एकशेवीस. बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मुलीलाही क्षणात उमगलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "साडेबाराला जेवणाची सुट्टी होते," ती म्हणाली. "तीनशे बायका एकदम निघतात. घाईघाईने. आईसुद्धा."

आईला फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. कामावर फोन कपाटात ठेवायचे असा कारखान्याचा कायदा. कारखान्याच्या ऑफिसात लावला तर कारकून म्हणाला, "पालिकेचं पत्र आहे का?" आणि ठेवून दिला. पूल बंद करू शकणारा माणूस एकच, पालिकेचे मुख्य अभियंता. आणि नशीब बघा, तेच पुढच्या सत्राचे अध्यक्ष, चार पावलांवर बिस्किटं खात उभे होते.

बाईंनी त्यांना गाठलं. सांगताना तीनदा अडखळल्या. साहेबांनी मान डोलावली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, इथे नको. सही माझी आहे. लेखी द्या, सोमवारी बघू."

सोमवारी! जणू तोवर पूल रजेवर जाणार होता.

"मग मी स्टेजवरून सांगते," मुलगी म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगितलं तर त्यांना उठावंच लागेल." बाईंना हायसं वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोला? पोर बोलेल, आपल्याला बोलावं लागणार नाही. त्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

बारा वाजून दोन मिनिटांनी मुलगी उभी राहिली. पडद्यावर पुलाचं चित्र. तिने माईक जवळ घेतला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. बाईंकडे बघत राहिली. बाईंनी सवयीने बोटं वर केली. दहा मिनिटं. मग नऊ. पोरीचे ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मागे कोणीतरी खोकलं.

तो खोकला ऐकताच बाई घामाने चिंब झाल्या. पळून जावं असं त्यांना मनापासून वाटलं. दार डाव्या हाताला, सहा पावलांवर. आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच.

त्या उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. मधल्या वाटेत प्रश्नांसाठी ठेवलेला माईक होता, त्याची दांडी दोन्ही हातांनी धरली, नाहीतर पडल्याच असत्या.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "मार्गदर्शकांनी बोलायचं नसतं. नियम माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. पुलाला माहीत नाही."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. "हा पूल सुरक्षित नाही. पट्टी एक होती, मी दोनाने भागायला सांगितलं. चूक मुलीची नाही, माझी आहे. साडेबाराला तीनशे बायका त्याच्यावर येणार आहेत. साहेब, आत्ता बंद करा. आत्ता!"

साहेब म्हणाले, "नीट तपासून मगच..." तेवढ्यात मागून एक म्हातारे इंजिनियर ओरडले, "अहो, आधी बंद करा, मग तपासत बसा!" मग चारी बाजूंनी गलका झाला. साहेबांनी कपाळ पुसलं आणि खिशातून फोन काढला. बारा वाजून अकरा.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कोणी वैऱ्यालाही देऊ नयेत. बाई आणि मुलगी हॉलबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. साहेबांनी पाठवलेला माणूस पुलापाशी पोचला का, कोणाला माहीत नाही. मुलीने बाईंचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. आईचा फोन वाजत होता, वाजत होता. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी उचलला.

मागून बायकांचा नुसता कालवा. "अगं, पुलाच्या तोंडाशी उभी आहे!" आई ओरडून सांगत होती. "पालिकेचा माणूस दोरी बांधून आडवा उभा राहिलाय. आता एवढा वळसा घालायचा, जेवायचं कधी? कुठल्या शहाण्याने बंद केला गं?"

मुलगी रडायला लागली. फोन बाईंनी घेतला. "मी बंद करायला लावला. मी तिची मॅडम. गणितात माझी चूक झाली होती. पूल खरंच धोक्याचा आहे."

पलीकडे कालवा चालू होता, पण आईचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "बावीस दिवस आम्ही ये-जा करतोय त्याच्यावरून. मी पोरीला म्हणत होते, हलतोय गं. ती म्हणाली, मॅडमनी बघितलंय." रागावलेली नव्हती, नुसतं विचारत होती. "तुम्ही एकदा तरी चालून बघितलंत का हो या पुलावरून?"

बाईंचे हातपाय पुन्हा गार पडले, माईकपुढे पडले होते त्याहून गार.

"नाही," त्या म्हणाल्या.