आपांच्या मनोल्या

चुकीचं नाव कानावर पडलं की आपा सडक्या बांगड्याचा वास आल्यासारखं नाक मुरडायच्या. आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. भातखाचरात दाणे टिपणाऱ्या मनोलीला कुणी 'चिमणी' म्हटलं, तर "शी! त्या पाखराला स्वतःचं घराणं आहे," म्हणत त्याला उभं करायच्या.

आपा जयगडच्या, खलाशांच्या घरातल्या. आरे-वारेच्या कातळसड्यावर, शेतांच्या बांधावर मेलेली मनोली सापडली की रुमालात बांधून आणायच्या, आत कापूस भरून कॉलेजच्या संग्रहालयात टिकवायच्या. प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी : नाव, जागा, तारीख. पूर्वी पांढऱ्या कंठाची मनोली ठिपकेवालीच्याच प्रजातीत, म्हणजे 'जीनस'मध्ये, धरत. पुढे संशोधकांनी तिला काढून निराळ्या प्रजातीत घातलं. हे वाचलं त्याच दुपारी आपा तिच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला बसल्या.

मी म्हटलं, "आपा, मेलेल्या पाखराला काय फरक पडतो?"

"त्याला नाही रे. तुला पडायला हवा."

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मी लागलो. पुढच्याच वर्षी तपासणी समिती येणार म्हणून वरिष्ठांनी संग्रहालय 'आकर्षक' करायला काढलं. हातखंब्याच्या सजावटवाल्याने कात्रीने चिठ्ठ्या कापल्या, मनोल्यांना लाल-पिवळा तेलरंग फासला आणि त्या काचेच्या कपाटात प्लास्टिकच्या फांदीवर गोंदाने चिकटवल्या. वर पाटी : 'कोकणातील चिमण्या'. मी दारात उभा होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती.

आठवड्याने आपा आल्या. मी कपाट उघडताच रंगाचा आणि कुजक्या कापसाचा भपकारा आला. एकीच्या डोळ्यावरून ओघळलेला रंग चोचीवर लाळेसारखा सुकला होता.

"चिठ्ठ्या?" आपांनी विचारलं.

"कचऱ्यात गेल्या."

"तू कुठे होतास?"

"इथंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमालाला हात पुसले. हात त्यांनी कशालाच लावला नव्हता.

समितीने त्या कपाटाचं खास कौतुक केलं. मी कायम झालो. वर्गात जायला तीच वाट आहे. रोज त्या काचेत माझा चेहरा दिसतो आणि किळस येते.

आपा परदेशी, दोहाला मुलाकडे वारल्या. त्या इथून निघण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांनी चहा दिला, नानकटाई दिली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, लग्नाचं काय म्हणून विचारलं. पाखरांविषयी मात्र एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही.