ताकद वाढवायला आलेली पिकअप

दत्ता ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला होता. चाकं थांबलेली, तरी गाडी मुरुमावरून मागे घसरत होती. छोटी पिकअप, आणि मागे जोडलेलं मळणीयंत्र तिला उताराकडे ओढत होतं. मी शेजारच्या सीटवर.

मी हिंगोलीत डिझेल गाड्यांचं काम करतो. हल्ली रिमॅपची गिऱ्हाइकं जास्त. इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोने हवा किती द्यायची, हे तो ठरवतो. लॅपटॉप जोडून ती सेटिंग बदलली की गाडीची ओढ वाढते. पण वाढते ती फक्त इंजिनाची. क्लच, ब्रेक, चॅसी होते तेच राहतात, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

दत्ता सेनगावकडचा. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरतो. त्या सकाळी यंत्रासकट वर्कशॉपला आला. बरोबर बायको, सविता. तिला सातवा महिना होता, बाकावरसुद्धा हात टेकून बसली.

"मिस्त्री, चढाला गाडी दम सोडून राहिली. ताकद वाढवून द्या."

"ट्रॅक्टरने ओढ ना. हे पिकअपचं काम नाही."

"हंगामात ट्रॅक्टर भेटते कुठं? तुमी आजच वाढवा."

"आजच का?"

त्याने नुसतं बायकोकडे बघितलं.

लॅपटॉप लावण्याआधी मी गाडी लोडवर चालवून बघतो. यंत्र जोडलेलंच होतं, तसेच निघालो. सविता बाकावरच थांबली असणार, असं मी धरून चाललो. आरशात यंत्राच्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं.

गावाबाहेरचा चढ निम्मा झाला आणि क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, केबिनमध्ये जळका वास. मग ती मागे निघाली. दत्ताने हॅन्डब्रेकही ओढला, काही फरक पडला नाही.

आणि एकाएकी गचका बसून थांबली.

उतरून मागे गेलो. यंत्राच्या चाकाखाली लाकडाची भली मोठी पाचर होती, आणि चाकापासून हातभर अंतरावर सविता वाकलेली. पदर खोचलेला, हात मातीने भरलेले. ती मागे यंत्रावर बसून आली होती.

"तुला काही अक्कल आहे का रे?" मी दत्ताला म्हणालो.

"पाचर तीच लावते, मिस्त्री. गाडी मागं सरकली की उतरायचं नि लावायची. मी स्टेअरिंगवर, दुसरं कोण हाय?"

"या दिवसांत?"

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. गाडी चढाला थांबलीच न्हाई, तर तिला उतरावं लागणार न्हाई."

म्हणजे हा माणूस बायकोच्या काळजीने आला होता.

"अरे, ताकद वाढवली तर हा क्लच आधी जळेल. इंजिन कितीही जोरात फिरू दे, चाकापर्यंत काही पोचणार नाही. मग मागे येणारी गाडी कोण अडवेल?"

सविता पदराला हात पुसत होती.

"कोण म्हंजे? मीच की," ती म्हणाली. चहा कोण टाकणार असं विचारल्यावर बाई उत्तर देते, त्या सुरात.

यंत्र तिथेच रस्त्याच्या कडेला सोडवलं. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून दत्ताच्या गावी पोचवलं. सविताला मी स्वतः केबिनमध्ये बसवलं. लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही.

पुढे दत्ताने हंगामभर यंत्र त्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर भागीत चालवलं. अर्धी कमाई गेली म्हणून माझ्यावर रागावलाय, रस्त्यात दिसला तर मान वळवतो. सविताला मुलगी झाली, हेही मला दुसऱ्याकडून कळलं.

ताकद वाढवायला कुणी आलं की हल्ली मी बॉनेट नंतर उघडतो. आधी गाडीच्या मागे जातो आणि विचारतो, पाचर कोण लावतं?