तळ्याकडचं दार

विल्हो कियुरूला सरकारने जी जमीन दिली ती माझ्या जंगलातून कापून दिली. त्यामुळे तो मला पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता. युद्ध संपलं, सीमा अलीकडे सरकली आणि सीमेपलीकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातली माणसं गावोगाव वाटून दिली गेली. आमच्या वाट्याला विल्हो, त्याची बायको सायमा, दोन लहान मुली आणि जाड दोरीने आवळून बांधलेली एक लाकडी पेटी आली. पेटी सायमाची होती आणि ही गोष्टही तिचीच आहे.

पहिल्या भेटीत मी टोपी काढून "नमस्कार, मालकीणबाई" म्हटलं. आमच्याकडे घरच्या बाईला असंच म्हणतात. पण मी म्हटलं त्यात टोमणा होता, कारण तिच्या मागे घर नव्हतं, नुसते तोडलेल्या झाडांचे बुंधे होते. तिने तो बरोबर ओळखला.

"मालकीण घराची असते, मालक," ती म्हणाली. "माझी दोन घरं सीमेपलीकडे राहिली. मला सायमा म्हणा."

दोन म्हणजे खरंच दोन. पहिलं एकोणचाळीसच्या थंडीत सोडलं, ते जळलं. मधे आपलं सैन्य पुढे गेलं तेव्हा ही माणसं परत गेली, त्याच पायावर दुसरं घर बांधलं आणि चव्वेचाळीसमध्ये तेही सोडून आली. दुसऱ्या घराच्या खिडक्यांना रंग द्यायचा राहिला होता, असं ती एकदा बोलून गेली.

कोणीही नव्या जागी आधी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, बांधतो, तशी विल्होने बांधली. एकच खोली. चौघं तिच्यातच राहायला लागली. आठवडाभर ते घर, शनिवारी न्हाणीघर. दर शनिवारी विल्हो गाद्या, भांडी आणि ती पेटी बाहेर काढायचा, भट्टीतले दगड तापवायचा, सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की सामान परत आत. हिवाळ्यात हे सगळं बर्फावर. मला हसू यायचं. सायमाला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"ऊब आहे, पाव भाजता येतो, आणखी काय हवं?" ती म्हणायची. "मी बांधलं की सोडावंच लागतं. तिसरं घर मी बांधणार नाही. तुला हौस असेल तर तू बांध, विल्हो."

विल्होने वाद घातला नाही. त्याने हिवाळाभर झाडं पाडली. ओंडके ओढायला मी माझा घोडा दिला. माणुसकी म्हणून नाही, त्याच्या कुऱ्हाडीची ठकठक लवकर थांबावी म्हणून. वसंतात त्याने साली सोलल्या आणि मे महिन्यात भिंती उभारायला घेतल्या.

ओंडक्यावर ओंडका चढतो तेव्हा मधे शेवाळाचा थर लागतो, नाहीतर वारा आत येतो. ते शेवाळ दलदलीतून वेचून आणणं, पसरून ठेवणं, थापणं हे बायकांचं काम. सायमाने बटाटे लावले, मुलींचे कपडे शिवले, माझ्या गाईंच्या धारासुद्धा काढल्या, पण शेवाळाला हात लावला नाही. मग विल्हो सकाळी शेवाळ वेचायचा आणि दुपारी ओंडक्यांना खाचा पाडायचा. दोन दिवसांत एक ओंडका चढे. त्यातही आमच्यासारखे दोन्हीकडून तासून सपाट नाहीत, गोलच्या गोल ठेवलेले.

"गोठा बांधतोयस का?" मी कुंपणावरून विचारलं. "आणि या चालीने छप्पर तुझी नातवंडं घालतील."

"नातवंडांना काहीतरी काम हवंच, मालक," तो म्हणाला.

तिसरा थर चढला तो शनिवार होता. सामान गवतावर होतं. सायमा पेटीवर बसून बटाटे सोलत होती. विल्हो कोळशाने दाराची खूण करत होता, आणि मी कुंपणाशी उभा राहून पाहत होतो की हा गृहस्थ दार तळ्याकडे काढतोय. तळं आमच्या उत्तरेला आहे. जानेवारीत तिकडून जो वारा येतो तो गुडघाभर बर्फ घेऊन येतो. मी गप्प राहिलो. कबूल करतो, मला मजा वाटत होती.

सायमाने सुरी खाली ठेवली. "विल्हो, काय चाललंय?"

"दार."

"कुठे?"

"तळ्याकडे. आपलं दार तळ्याकडेच होतं ना."

"आपलं तळं दक्षिणेला होतं, शहाण्या. हे उत्तरेला आहे. थंडीत दारावर बर्फ चढला की मुलींना काय धुराड्यातून बाहेर काढशील?"

विल्होने तळ्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग पुन्हा तळ्याकडे. नंतर तो ओंडक्यावर बसला.

"दिवसभर डोक्यात तेच तळं असतं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आज ना उद्या दारात येऊन बसशील, तर समोर पाणी दिसायला हवं."

ती हसली. मग एप्रनच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग त्याच्या हातातला कोळसा घेऊन भिंत ओलांडून पलीकडे गेली.

"दार इथे," तिने दक्षिणेच्या भिंतीवर रेघ मारली. "तळ्याकडे खिडकी. मोठी. आणि हे शेवाळ कुठून आणलंस? हा नुसता कचरा आहे." मग माझ्याकडे वळून, "मालक, तुमच्या दलदलीत चांगलं लांब शेवाळ आहे."

"जंगल घेतलंत, आता शेवाळही न्या."

"नेतेच."

आणि ती पोतं घेऊन निघाली. मी दलदल दाखवायला म्हणून गेलो आणि दुसरं पोतं पाठीवर घेऊन परत आलो. ते कसं झालं मला कळलं नाही.

त्यानंतर दिवसाला दोन ओंडके चढू लागले. खिडकीच्या चौकटीवर तिने वीतभर फट सोडायला लावली. "ओंडके सुकून भिंत खाली बसायला तीन वर्षं लागतात, मग ही मिटेल," ती म्हणाली. तीन वर्षांपुढचं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

विल्होने ती चूक मुद्दाम केली असावी असा माझा बरेच दिवस संशय होता. एकदा विचारलं. "इतकी अक्कल असती तर काय हवं होतं," तो म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे. आजही त्याला उत्तर दिशा विचारली की तो आधी चुकीच्या बाजूला वळतो.

सप्टेंबरात ते घरात गेले. मी रिवाजाप्रमाणे काळा पाव आणि मीठ घेऊन गेलो. दारातून दिसलं की सायमा पेटीपुढे उभी आहे आणि सुरीने दोरी कापते आहे, बरोबर मधोमध. एक तुकडा तिने विल्होकडे दिला, दोन बर्च झाडांमधे कपडे वाळत घालायला बांध म्हणाली.

"गाठ सोडता आली असती," मी म्हटलं. "चांगली दोरी होती."

"चांगलीच होती. दोनदा इतकं ओझं आवळून धरलं तिने." मग तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "आत या, पण पाय पुसून."

"येतो, सायमा."

"सायमा सौनात राहायची," ती म्हणाली.

मी टोपी काढली, पाय दोनदा पुसले.

"येतो, मालकीणबाई," मी म्हटलं, आणि या वेळी मला तसंच म्हणायचं होतं.