शिवणकेंद्रातल्या आम्ही बायका

आम्ही तिघीचौघी जुन्या मैत्रिणी भेटलो आणि कोणी नुसतं ‘बराक’ म्हटलं, की समोरचा चहा गार झालाच म्हणून समजा. एकीला एक आठवतं, दुसरी म्हणते तसं नव्हतं, आणि तिसरी मध्येच भलतंच काढते. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. निर्वासितांच्या कॅम्पाला उल्हासनगर हे नाव नुकतंच मिळालं होतं, पण सगळे कॅम्पच म्हणायचे. तिथल्या एका रिकाम्या लष्करी बराकीत सुशीलाताईंनी बायकांसाठी शिवणकेंद्र काढलं. फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी बायका तिथे यायच्या, आणि नवऱ्याच्या हातचा मार खाऊन आलेल्या आसपासच्या गावच्यासुद्धा. मी अंबरनाथची. शिवणाचा कोर्स करून तिथे टीचर म्हणून लागले.

*

पहिल्याच दिवशी एका पांढऱ्या केसांच्या बाईने मला हाक मारली, “दादी!” मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग दुसरीनेही दादी म्हटलं, तिसरीनेही. मी तेव्हा जेमतेम विशीची, लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. घरी जाऊन आरशात बराच वेळ बघत बसले.

आठवडाभर मी हे मनात ठेवलं. शेवटी सुशीलाताईंना सांगितलं, तर त्या हसतच सुटल्या. सिंधीत दादी म्हणजे आजी नव्हे, मोठी बहीण. मान द्यायचा असला की वयाने लहान असलेल्या बाईलाही म्हणतात. पुढे तर असं झालं, की कोणी मला नुसतं कुसुम म्हटलं की मलाच राग यायचा.

*

पार्वती आमच्या अंबरनाथजवळच्या मोरिवलीची. नवरा दगडू तिथल्याच एका कारखान्यात कामाला. पहिल्यांदा आली तेव्हा तिचा डोळा सुजला होता. विचारलं तर म्हणाली, चौकट लागली. पुढच्या खेपेला ओठ फुटलेला, तेव्हाही चौकटच. सुशीलाताई एवढंच म्हणाल्या, “मोरिवलीच्या चौकटी फारच बुटक्या दिसतात.” पार्वती खाली मान घालून शिवत राहिली.

एक दिवस दगडू केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला आणि तिला घरी चल म्हणून ओरडू लागला. बाईला काय काय म्हणावं ते सगळं म्हणाला. तेवढ्यात पार्वतीच्या शेजारच्या बाईने आपली पायमशीन जोरात चालवायला घेतली. सुईखाली कापड नव्हतं, नुसतीच मशीन. मग तिच्या पलीकडचीने. बघता बघता सगळ्या मशीन सुरू झाल्या आणि पत्र्याच्या छपराखाली असा खडखडाट उठला, की दगडूचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एकही ऐकू येत नव्हता. शेवटी घसा बसला तेव्हा तो निघून गेला.

त्या संध्याकाळी पार्वती मोरिवलीला गेली नाही. सुशीलाताईंनी तिला आपल्या घरी नेलं.

*

रूपी सिंधी, शिकारपूरची. दंग्यात तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला मारलं होतं. दिराच्या कुटुंबाबरोबर बोटीने आली, ती बोलणं तिकडेच ठेवून. जाऊ तिला रोज सकाळी केंद्रात आणून बसवायची आणि ती भिंतीकडे तोंड करून मांडीवर कापड घेऊन बसायची. तिला कोणी काही विचारायचं नाही, अशी सुशीलाताईंची सक्त ताकीद होती.

शिवणाच्या जोडीला केंद्राला पापडांची पहिली ऑर्डर मिळाली. आम्ही उडदाचं पीठ घेऊन गोल बसलो. पार्वतीने आपल्या सवयीने पिठात लाल तिखट घालायला मूठ भरली, आणि भिंतीकडची रूपी उठली. सरळ पार्वतीसमोर आली, हात पुढे केला आणि म्हणाली, “मूंखे डे.” मला दे.

इतक्या महिन्यांत आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता. रूपीने परात ओढून घेतली, तिखट बाजूला सारलं आणि सिंधी पापडाला लागते ती काळी मिरी मागितली. सुशीलाताई पाठ फिरवून पदराने डोळे पुसत होत्या. मी पाहतेय म्हटल्यावर म्हणाल्या, मिरीचा ठसका लागला.

पार्वती म्हणाली, “पन मिरी तर आजून डब्यातच हाय.”

*

गंगू बदलापूरच्या पलीकडच्या, बारवी नदीकडच्या एका पाड्यातली. नवऱ्याने पिरगाळलेलं डावं मनगट वाकडंच बसलं होतं, त्यामुळे मशीनवर कापड धरता येत नव्हतं. हिला काय काम द्यावं याची आम्हाला काळजी. तिला नव्हती. ती म्हणाली, तुम्ही शिवा, मी विकते.

आणि विकायचीही. कुळगावच्या बाजारात सगळा माल खपवून यायची. युक्ती साधी होती. आपल्या चार वर्षांच्या पोरीला नवा फ्रॉक घालायचा आणि पुढे बसवायचं. तिच्या अंगावर बघून बायका भुलायच्या आणि तोच पाहिजे म्हणायच्या. गंगू तोच काढून द्यायची. पोर दर बाजाराला नवा फ्रॉक घालून जायची आणि दर वेळी उघडी परत यायची.

एका बाजारी गंगू परत आली ती पोरीच्या अंगावर पिवळा फ्रॉक तसाच. पोरीने घेर दोन्ही मुठींत गच्च धरलेला. हा का नाही खपला, असं सुशीलाताईंनी विचारलं.

“गिऱ्हाईक आलं होतं,” गंगू पोरीकडे बघत म्हणाली. “पन हे गिऱ्हाईक लय घट्ट निघालं.”

सुशीलाताईंनी तो फ्रॉक सॅम्पल म्हणून पोरीच्या अंगावरच राहू द्यायला सांगितला.

*

पापडांनंतर रूपी आणि पार्वतीची जोडीच जमली. एकमेकींची भाषा अशी उचलली, की कॅम्पातल्या कापडवाल्याशी पार्वती सिंधीत घासाघीस करायची आणि मासळीवालीशी रूपी मोरिवलीच्या बोलीत. “मना नको फसवू,” म्हणायची.

मी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात होते. नव्या मासळीवालीने रूपीचं बोलणं ऐकलं आणि सहज विचारलं, “कुठची गो तू?”

हा प्रश्न कोणी विचारला की रूपी दोन-दोन दिवस पुन्हा गप्प व्हायची. रूपीने सुकटाची पुडी पिशवीत टाकली, पार्वतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मोरिवलीची.”

*

पुढे पार्वती रूपीकडेच राहायला गेली. रूपी दिरापासून वेगळी झाली होती. दुसऱ्या एका बराकीच्या टोकाला तिला जागा मिळाली होती, पण जागा म्हणजे काय, तिन्ही बाजूंना गोणपाट टांगलेलं. वारा आला की भिंती आत यायच्या. पार्वतीच्या हातात शिवणाची कमाई येऊ लागली, तेव्हा तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर सुताराला बोलावलं आणि दार करायला सांगितलं. चांगलं जाड फळ्यांचं, आतून कडी असलेलं.

सुताराने इकडेतिकडे पाहिलं. “बाई, भिंत कुठंय?”

“भिंत मागनं बघू,” पार्वती म्हणाली. “तू दार लाव.”

दोन खांब रोवून त्याने दार लावून दिलं. दोन्ही बाजूंना गोणपाट, मध्ये दार. अख्खा कॅम्प बघून गेला. पार्वती मात्र आत गेली की न चुकता कडी घालायची.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. रूपी पापड भाजत होती, पार्वती परकराला दुमड घालत होती. बाहेर पावलं वाजली आणि गोणपाटाच्या विरळ विणीतून दगडू दिसला. आम्हाला तो दिसत होता म्हणजे त्यालाही आम्ही दिसत असणार. रूपीने चिमटा हातात घट्ट धरला. गोणपाट नुसतं बाजूला सारलं असतं तरी तो आत आला असता.

त्याने दार वाजवलं.

पार्वतीने दोरा दाताने तोडला. बसल्या जागेवरूनच विचारलं, “कोन हाय?”

“मी. दगडू.”

“काय काम हाय?”

तो दाराकडेच बघत उभा होता. मग म्हणाला, “सदरा शिवायचाय.”

“आज रविवार. केंद्र बंद हाय,” पार्वती म्हणाली. “उद्या तिथं या, माप घेऊ.”

आम्हाला वाटलं, आता जाईल. पण तो दारालगतच उभा राहिला. घसा साफ करून त्याने विचारलं,

“कापड मी आनू, का तिथंच मिलतं?”