न विकलेल्या गाडीची डिलिव्हरी: धुळे ते सावदा

सावद्याला जायचं ठरलं ते फोनवरच्या भांडणातून. पप्पांचं मोटारसायकलचं शोरूम महिनाअखेर बंद होणार होतं, म्हणून आवराआवरीला हात लावायला मी नाशिकहून धुळ्याला घरी आले होते. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही. यायचं, गाडीवर बसून बघायचं, फोटो काढायचं, पप्पांचा चहा प्यायचं आणि घरी जाऊन मोबाईलवर गाडी मागवायचं. अशात सावद्याच्या नानांचा फोन आला. नाना केळीवाले शेतकरी, पप्पांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरातली प्रत्येक गाडी आमच्याकडची. यावेळी मात्र त्यांच्या नातीने, केतकीने, ऑनलाइन मागवली होती. ती गाडी छोट्या ट्रकमधून दारात उतरली आणि आठवडा झाला तरी फाटकाबाहेरच उभी होती. नानांची बायको, अक्का, तिला आत घेऊ देत नव्हत्या. शेठ, म्हणजे पप्पा, आल्याशिवाय नाही, म्हणे.

इथे आमच्या दुकानाची रीत सांगायला हवी. पप्पांनी नव्या गाडीची चावी कधी काउंटरवर सोपवली नाही. गाडी घेणाऱ्याने चालवायची, पप्पा मागे बसणार आणि थेट त्याच्या गावाला जाणार. दारात ओवाळणी झाली की पप्पा चावी काढून घरातल्या थोरल्या बाईच्या हातात देणार. मग एसटीने परत. शिकाऊ माणसामागे जीव मुठीत धरून बसायची हौस कसली, म्हणून आई अजून चिडते. पप्पांचं म्हणणं एकच, गाडी दुकानातून जात नाही, घरी पोचते.

आम्ही मारवाडी, पण गिऱ्हाइकाशी पप्पा बहुतेकदा अहिराणीतच बोलणार, रागावले तरीही. "गाडी दुसराकडतून लिधी, आन मांगे मी बसू? मी काय येत नही, नाना!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि रिकाम्या शोरूमकडे बघत बसले. दोन दिवस जेमतेम बोलले. त्यांना राग गाडीचा नव्हता. आपण इतकी वर्षं केलं त्याची कुणाला गरजच नव्हती की काय, हे त्यांना खात होतं, आणि ते बघून मला रडू येत होतं. शेवटी आई म्हणाली, "भिंतींशी बोलण्यापेक्षा जाऊन तरी या." मी माझी गाडी काढली. पप्पा मागे बसले, "नुसतं भेटून येऊ" या अटीवर.

कुणाला हा रस्ता करायचा असेल तर थंडीत करा. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, फैजपूर आणि मग सावदा. जळगावपर्यंत रस्ता झकास, पुढे केळीच्या ट्रकांमागे सबुरी ठेवा. सहाशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन झालं. सकाळी नऊच्या आत निघू नका, बोटं गारठतात. एरंडोलच्या पुढे कापूस भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालतात. हॉर्न वाजवून काही उपयोग नाही.

पारोळ्याला चहाला थांबलो तर टपरीवरचा एक माणूस उठून पप्पांच्या पायाशी वाकला. "शेठ, वळखं का माले? खड्डामा गाडी घाली व्हती, तुमले पाडं व्हतं!"

"मनी पाठ आजून दुखस रे!" पप्पा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. त्या माणसाने चहाचे पैसे काही देऊ दिले नाहीत.

जळगावात जेवण. मी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतला. दीडशेत पोट तुडुंब. आमच्या जैन घरात वांगं चालत नाही, त्यामुळे पप्पा घरून आणलेले खाकरे खात दुसरीकडे बघत होते. मी काय खाते ते त्यांना माहीत आहे. विचारलं तर बोलावं लागेल, म्हणून विचारत नाहीत.

भुसावळ मागे टाकून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू होतात आणि हवा एकदम गार लागते. सावद्यात नानांच्या फाटकाबाहेर ती गाडी ताडपत्रीखाली उभी होती. पप्पा तिच्याकडे न बघता आत गेले, पाणी प्यायले, केळीचे भाव विचारले. गाडीचं नाव नाही.

केतकीच शेवटी म्हणाली, "काका, तुमच्याकडे लाल रंग नव्हता म्हणून..."

"मग विचारायचं तरी! आणून दिला असता." पप्पांचा आवाज चढला. "आता बिल त्यांचं आहे. मी कोण?"

नानांनी मान खाली घातली. अक्का मात्र स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "शेठ, बिल कोनाचं बी असो. दारात नुसतं लोखंड उतरलं हाये. गाडी अजून घरी आलीच नही. तुम्ही मांगं बसान, तवा येईन."

पप्पा उठले, बाहेर गेले आणि ताडपत्री ओढून काढली. चाकातली हवा बघितली, साखळी बघितली. "पण ही तर दारातच आहे. येणार कुठून?"

"मंग गावाबाहीर नेऊ," नाना म्हणाले. म्हणजे घरी आलेली गाडी घरी आणण्यासाठी आम्ही फैजपूर रस्त्यावरच्या पंपापर्यंत ढकलत नेली. नाना पुढून, मी मागून, आणि बघणारे विचारत होते, बंद पडली का हो नवी गाडी? पंपावर पेट्रोल भरलं. केतकीकडे हेल्मेट नव्हतं. पप्पा हटून बसले, मग मी माझं दिलं. ती हँडलवर, पप्पा मागे ताठ बसलेले. वळणावर गाडी एकदा बंद पडली. पप्पा म्हणाले, "क्लच हळू, बेटा. मी आहे मागे." गल्लीतली माणसं ओट्यांवर आली होती.

अक्कांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, ओवाळलं, नारळ पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो फोडला आणि चावी काढून अक्कांच्या तळहातावर ठेवली. "आता आली," अक्का म्हणाल्या. ज्या गाडीवर त्यांना दमडी मिळाली नव्हती, तिच्याशेजारी माझे वडील त्या क्षणी जितके श्रीमंत दिसले, तितकं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सूर्यास्ताआधी अक्कांनी त्यांना कांदा-लसणाशिवायचं वेगळं जेवण वाढलं. रात्री मुक्काम केला. सकाळी मी गाडी सुरू केली तर पप्पा स्टँडकडे चालू लागले. डिलिव्हरी झाली की एसटीनेच जायचं! मग काय, धुळ्यापर्यंत मी एकटी, डिकीत अक्कांनी दिलेले केळीचे वेफर्स घेऊन.

महिनाअखेर शोरूमचं शटर खाली आलं. मला वाटलं होतं, त्या दिवशी पप्पांना सावरावं लागेल. सांत्वनाला माणसं आली, पण पप्पांनीच त्यांना बसवून सावद्याची हकिकत सांगितली, प्रत्येकाला पहिल्यापासून. शेजारचे टायरवाले काका, सगळं संपलंच अशा सुरात, डोळे पुसत म्हणाले, "शेठ, बठ्ठं सरनं हो."

पप्पांनी वेफर्सची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "दुकान सरनं," ते म्हणाले. "मी थोडाच सरनू!"